कुलपातला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. पाठ जरा निसटली आहे, पण पानं शाबूत आहेत. एकोणीसशे एकाहत्तर साली बँकेतल्या श्यामकांतांनी मला कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या पुस्तकबाजारातून बालीगंजच्या घरी आणलं, ते चारचौघांत मिरवायला. वाचलं मात्र त्यांच्या बायकोनं, प्रेमलतानं. ती मराठी शाळेत शिकलेली. वरणाला उकळी येईपर्यंत मला मांडीवर घेऊन शब्द पाठ करायची. माझ्या पानांवर तिची हळदीची बोटं उमटत. मला ती फार आवडत.

रविवारी पाहुणे जमले की श्यामकांत तिला अवघड शब्द विचारायचे. ती अडखळली की सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्यांची लेक लीना. प्रेमलताला शेजारच्या बालवाडीत शिकवायचं होतं. श्यामकांत म्हणाले, "सगळ्यांसमोर एका शब्दाचा नीट अर्थ सांग, मग खुशाल जा."

पुढच्या रविवारी बँकेचे मोठे साहेब आले. तेही मराठीच. "आपण आहात म्हणून ब्रँच चालते साहेब," असं म्हणत श्यामकांत त्यांच्या बशीत संदेश ही बंगाली मिठाई वाढत होते. मग बायकोकडे वळले. "सांग बघू, अनक्शस म्हणजे काय?"

ते पान तिला तोंडपाठ होतं. "तेलकट. हाताला बुळबुळीत लागणाऱ्या मातीला म्हणतात, तुपाळ पदार्थाला म्हणतात. आणि वरिष्ठांपुढे गोडगोड बोलणाऱ्या माणसालाही."

वाक्य माझंच होतं, तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण मोठे साहेब श्यामकांतांकडे बघून खो खो हसले, मग सगळेच हसले. श्यामकांतही हसले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला डांबराच्या गोळ्यांसोबत लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली लीनाकडे दिली. "एवढी विदुषी बालवाडीत कशी शोभेल?" ते बायकोला म्हणाले.

प्रेमलतानं एकदा लेकीकडे किल्ली मागितली. "आई, तू इंग्लिश नको ना बोलू," लीना म्हणाली. "फनी वाटतं."

रविवारचा खेळ चालूच राहिला. विचारलेला प्रत्येक शब्द अर्थासकट माझ्या पोटात असायचा. बाहेर ती अडखळायची, आणि मग हशा ऐकू यायचा.

पुस्तकांची काळजी घ्या, असं तुम्हाला शाळेत सांगतात. माझी तर फारच छान घेतली गेली. वाळवी नाही, ओल नाही, हळदीचं नवं बोट एकही नाही. मित्रांनो, माझ्यासारखं कुणाला जपू नका.