अध्यक्षबाईंना भांडायचं आहे

जगातलं प्रत्येक भांडण, मग ते सख्ख्या भावांतलं असो की दोन राष्ट्रांतलं, समोरासमोर बसून मिटवता येतं, असं आमच्या सालातिगा गावच्या मध्यस्थ संघाच्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलेलं आहे. दुसरं कलम संघाच्या बाटिकच्या, म्हणजे नक्षीदार सदऱ्याच्या, रंगाबद्दल आहे. त्यावरून संघ दोनदा फुटला.

फुटलेली मंडळी गावाच्या दुसऱ्या टोकाला तपकिरी बाटिक घालून लोकांची भांडणं मिटवतात. आम्ही निळं घालतो. बाजारात भेट झाली की दोन्हीकडचे लोक एकमेकांपुढे इतके वाकतात, की बघणाऱ्याला वाटावं, यांचं काहीतरी खाली पडलंय.

आमच्या धंद्याचं मूळ तत्त्व नव्या सभासदाला पहिल्याच शिबिरात शिकवतात. पक्षकार जे मागतो, ते त्याला नको असतं. हवं असतं ते तळाशी दडलेलं असतं, ते उकरून काढायचं. एकदा दोन चुलतभाऊ म्हशीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. उकरल्यावर निघालं की म्हैस दोघांनाही नको होती. एकाला पंगतीचं बोलावणं दुसऱ्याच्या आधी हवं होतं. तत्त्व फार गुणकारी आहे. तोटा एकच. घरात बायको ‘मीठ संपलंय’ म्हणाली, तरी आमचा सभासद तिच्याकडे मायेनं बघत विचारतो, ‘आणखी काय काय संपलंय, असं वाटतं तुला?’

अशा संघाच्या अध्यक्ष होत्या बू रत्नानिंगसिह. आम्ही त्यांना बू निंग म्हणायचो; आमच्याकडे मानानं बाईंच्या नावाआधी ‘बू’ लागतं, पुरुषांच्या ‘पाक’. लहान चणीच्या, आवाज रेशमासारखा. या आवाजानं त्यांनी घटस्फोट थांबवले होते, संप मिटवले होते, आणि एकदा तर मिरवणुकीत उधळलेला घोडाही थांबवला होता, असं घोड्याचा मालक सांगतो.

मासिक सभेला सगळ्यांपुढे खाऊची खोकी आली. केळीच्या पानातला भात, तळलेलं टोफू आणि एक हिरवी मिरची. बू निंगनी खोकं उघडलं नाही. तिथंच आम्हाला पहिली शंका आली.

त्या म्हणाल्या, “मला अध्यक्षपद सोडायचंय. शेजारी पाक तुगिमिन यांच्याशी मला भांडायचंय. कोर्टात. रीतसर.”

पाक तुगिमिन यांनी मैना पाळलेली आहे. पिंजरा बू निंगच्या व्हरांड्याला लागूनच टांगलेला. बू निंग व्हरांड्यात बसून फोनवर पक्षकारांची समजूत घालायच्या, ती मैनेनं ऐकली. आता ती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बू निंगच्याच रेशमी आवाजात बोलते, ‘तुमच्या भावना मला समजतात.’ आणि थोड्या वेळानं, ‘मी कुणाच्याच बाजूची नाही.’

“मग पाक तुगिमिनना सांगा की पिंजरा हलवायला,” मी म्हणालो.

“सांगितलं, पाक मार्सुदी. ते ‘हो’ म्हणाले.”

हा पेच खरा होता. आमच्याकडे ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’, ‘करतो’ नव्हे. घटनेप्रमाणे पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या भांडणात आधी मध्यस्थी करून घेतल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नाही. मध्यस्थी करायची तर दोन बाजूंत मतभेद लागतो. पाक तुगिमिन यांचा कशालाच विरोध नव्हता. ते सगळ्याला हो म्हणायचे, हसायचे, चहा पाजायचे, आणि मैना बोलत राहायची.

“म्हणून राजीनामा,” बू निंग म्हणाल्या. “मी आयुष्यात एकदाही आवाज चढवला नाही. आता त्या पक्ष्यामुळे स्वतःच्याच गोड बोलण्याचा मला वीट आलाय. मला भांडायचंय.”

सगळे कौतुकानं हसले. आमच्यात पहिला नकार हा शिष्टाचार असतो. कुणी पद सोडतो म्हणालं की आपण ‘छे छे’ म्हणायचं, त्यानं पुन्हा सोडतो म्हणायचं, आपण पुन्हा ‘छे छे’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा त्यानं ‘तुमच्यासाठी’ म्हणून बसायचं. आम्ही तिन्ही वेळा छे छे म्हणालो. बू निंग तिसऱ्यांदाही बसल्या नाहीत.

तेव्हा मात्र खोलीत कुजबुज सुरू झाली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

उपाध्यक्ष पाक सुदिब्यो यांनी मला कोपऱ्यात घेतलं. हे गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी खोकतात. विचार केल्यासारखं दिसतं. “मैना!” ते म्हणाले. “पाक मार्सुदी, मैनेसाठी कुणी खुर्ची सोडतं का? कोण टपून बसलंय, ते त्यांना बघायचंय. मी सावध आहे. मी खुर्चीकडे बघतसुद्धा नाही.” हे बोलताना त्यांची नजर खुर्चीवरच होती.

खजिनदार बू विरास्वती यांनी मला दुसऱ्या कोपऱ्यात घेतलं. “नवा संघ काढतायत. जांभळं बाटिक.”

“कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. म्हणूनच तर! एवढी गुप्तता कशाला?”

शेवटी ठरलं की अध्यक्ष आणि कार्यकारिणी यांच्यात मध्यस्थी करावी. मध्यस्थ म्हणून माझी निवड झाली. माझा डावा कान गेलेला असल्यामुळे मी एका वेळी एकच बाजू ऐकतो, हा माझा निःपक्षपातीपणा सगळ्यांना मान्य होता.

रीतीप्रमाणे आधी बू निंगना वेगळ्या खोलीत घेऊन बसलो. या खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही, त्यामुळे माणसं इथं खरं बोलतात.

“बू, इथं आपण दोघंच,” मी आवाज मऊ केला. “खरं काय ते सांगा.”

“मला भांडायचंय.”

“म्हणजे कुणीतरी तुमचं ऐकून घ्यावं, असं तुम्हाला वाटतंय.”

“नाही. भांडायचंय.”

“म्हणजे कुठंतरी तुमचा मान राखला गेला नाही—”

“पाक मार्सुदी, मला कोर्टात उभं राहून त्या माणसाला ‘खोटारडा’ म्हणायचंय. आणि त्यानं मला उलट काहीतरी म्हणावं. काहीही. ‘हो’ सोडून.”

मी वहीत काही लिहिलं नाही, पण मान अशी हलवली की लिहिल्यासारखं वाटावं. मनात म्हटलं, बाई पोचलेली आहे. इतकं साधं कारण माणूस तेव्हाच पुढे करतो, जेव्हा मागे मोठं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिले होते. ही बाई भांडंच पुढे करून ताक लपवत होती.

“तुमच्या भावना मला समजतात,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी खुर्ची जरा मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पाक तुगिमिन यांच्याकडे गेलो. चौकशी म्हणून नव्हे, सहज. गृहस्थ फार आनंदात दिसले. पायजमा, बनियन, आणि सगळं जग आपलंसं असल्यासारखं हसू. त्यांनी चहा ठेवला, शेंगदाण्याची चिक्की ठेवली.

“मैनेचा शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणे,” मी म्हणालो.

“हो, हो.”

“पिंजरा मागच्या अंगणात न्यायला हवा.”

“हो, न्यायलाच हवा.”

“कधी नेणार?”

“हो,” ते प्रेमानं म्हणाले.

पिंजऱ्यातून बू निंगचा आवाज आला, “मी कुणाच्याच बाजूची नाही.” क्षणभर मी उठून उभा राहिलो, सवय असते. तेवढ्यात मैना खोकली. अगदी पाक सुदिब्यो खोकतात तशी, विचार केल्यासारखी.

माझ्या हातातला कप थांबला.

“हे खोकायला कुणी शिकवलं?”

“तुमच्यातलेच एक आले होते ना, निळं बाटिक घातलेले. सहज म्हणून आले. बराच वेळ पिंजऱ्यापाशी बसले, मैनेला काय काय विचारत होते. त्यांच्याआधी एक बाई आल्या होत्या. त्या जांभळ्या रंगाबद्दल विचारत होत्या.” मग ते थोडे झुकले. “एक विचारू का? तुम्ही सगळे खरं कशासाठी येता?”

“मैनेसाठी.”

“हो, हो,” पाक तुगिमिन म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू जरा कमी झालं. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

मी घरी आलो तो दुप्पट संशय घेऊन. सुदिब्यो तिथं का गेले? विरास्वती का गेल्या? आणि एवढा सुखी माणूस निर्दोष असतो का कधी? रस्त्यात तपकिरी संघाचे एक जण भेटले, वाकले. मी जास्त वाकलो. यांना काही कळलं तर नसेल?

पुढच्या सभेला सभासद झाडून सगळे हजर. मी अहवाल मांडला की चर्चा अत्यंत सौहार्दपूर्ण झाली आणि मूळ मुद्दा अजून तळाशी आहे.

“अगदी बरोबर,” पाक सुदिब्यो खोकून म्हणाले. “बू, घाई नाही. आम्ही थांबू. तुम्हाला मोकळं वाटेल तेव्हा सांगा, खरी अडचण काय ते.”

“आम्ही तुमचेच आहोत हो,” बू विरास्वती म्हणाल्या. “कुठलाही रंग असला तरी.”

बू निंग उठल्या. त्यांनी टेबलावर हात आपटला. खाऊची खोकी उडाली, मिरच्या घरंगळल्या.

“तळ नाही!” त्या ओरडल्या. “ऐकताय का, बहिऱ्यांनो? तळाशी काही नाही! मैना म्हणजे मैना! भांडण म्हणजे भांडण! तुम्ही सुदिब्यो, खोकताय काय सारखे, घशात कायदा अडकलाय का? आणि मार्सुदी, तुमचा एक कान गेलाय की दोन्ही? सोडते म्हटलं म्हणजे सोडते!”

आमच्या गावात इतका मोठा आवाज माणसाच्या तोंडून निघालेला कुणी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढलं.

शेवटी पाक सुदिब्यो म्हणाले, न खोकता, “बू, मला असं ऐकू येतंय, की तुम्ही रागावलाय.”

“शाब्बास!” बू निंग म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

त्या क्षणी आम्हा सगळ्यांना एक धडा मिळाला. माणूस जे मागतो, तेच त्याला हवं असू शकतं. मी हा धडा मोठ्यानं मांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि राजीनामा एकमतानं मंजूर झाला. आता नवा अध्यक्ष निवडला की बू निंग मोकळ्या; त्याशिवाय घटना त्यांना सोडत नव्हती.

“पाक सुदिब्योंनी व्हावं,” कुणीतरी म्हणालं.

“छे छे! मी कुठला,” पाक सुदिब्यो म्हणाले.

“तुमच्याशिवाय कोण आहे?”

“नको हो. माझी लायकी नाही.”

“पाक सुदिब्यो, आमची विनंती आहे.”

पाक सुदिब्योंनी डोळे मिटले, हात छातीशी नेला, आणि अतिशय सुंदर नम्रतेनं म्हणाले, “मला खरंच नको.”

आणि आम्ही, नुकताच धडा शिकलेले, एका आवाजात म्हणालो, “बरं.”

त्यांनी डोळे उघडले. “बरं म्हणजे?”

“तुमच्या शब्दाचा मान ठेवतो आम्ही,” मी म्हणालो. “तळ उकरणार नाही.”

“पण... थोडंसं उकरायला काय हरकत आहे?”

“नाही, नाही. नको म्हणजे नको.”

पाक सुदिब्योंना खोकला आला, खराखुरा. मग मी बाकीच्यांकडे पाहिलं. ‘नको’ म्हणावं तर लोक खरं धरतील, आणि ‘हवं’ असं तर आमच्या गावात कुणी कधी म्हणतच नाही. एक सभासद मिरची निरखून पाहू लागला. बू निंगचा चेहरा पडत चालला होता. वारस मिळेना तर मैनेशेजारी जन्म काढणं आलं.

“मला हवंय,” बू विरास्वती म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“काय?”

“अध्यक्षपद. मला आवडेल. मी होते.”

झालं. आवाजी मतदान झालं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपायच्या आत धडा हवेत विरला. असं उघड कुणी मागतं का? काय असेल हिच्या मनात? माझ्या उजव्या कानापाशी कुजबुज आली, “जांभळ्या रंगाचं आधी कुणी काढलं होतं, आठवतंय ना?”

बू निंगनी पर्स उचलली. सगळ्यांना हात जोडले, नव्या अध्यक्षांचा गालगुच्चा घेतला, आणि वकिलाकडे जायचंय म्हणून जिना उतरल्या. तरातरा, जत्रेला निघालेल्या पोरीसारख्या.

आम्ही खिडकीशी गर्दी केली.

“वकिलाकडे!” पाक सुदिब्यो म्हणाले. “नव्या संघाच्या नोंदणीला वकील लागतोच.”

“तपकिरीवाल्यांकडे तर निघाल्या नसतील?” नव्या अध्यक्ष म्हणाल्या.

मी चष्मा पुसून घातला.

खाली बू निंग गाडीपाशी थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गाडीला एक फेरी मारली. मग वळल्या आणि पुन्हा जिना चढू लागल्या. आम्ही धावत आपापल्या जागी येऊन बसलो. पाक सुदिब्योंनी माझा हात दाबला. “आता बघा. आता तळ वर येतो.”

बू निंग दारात उभ्या राहिल्या. धाप लागली होती. आम्ही सगळे पुढे झुकलो.

“खाली ती लाल स्कूटर कुणाची आहे?” त्या म्हणाल्या. “जरा बाजूला घेता का? माझी गाडी निघत नाहीये.”