गुरुवारचा भाव

शिवकन्येचा गुरुवार ठरलेला असायचा. पहाटे संगमावर आंघोळ, दिवसभर उपास, दुपारी दारात येणाऱ्या भक्तांना माधुकरी. आणि आईकडून आलेला एक नेम : गुरुवारी कुठल्याच वस्तूचा भाव विचारायचा नाही. "दत्ताच्या दिवशी घासाघीस कामून करायची?" आई माहेरी, खटकचिंचोळीत, म्हणायची. लग्न होऊन शिवकन्या गाणगापुरात आली, सासरच्या लॉजचं बघू लागली, पण नेम काही सुटला नाही. गुरुवारी भाजीवालीनं हाक मारली तरी ती हसून पुढं जायची.

बाकीचे दिवस मात्र भाव विचारणं हेच तिचं काम होऊन बसलं होतं. कलबुर्गीला ती अर्थशास्त्रात पीएचडी करत होती. पंपावरचा पेट्रोलचा भाव कंपनी ठरवते, त्यात दुकानदाराचं काही चालत नाही. पण पंप लांब पडतो अशा गावांत किराणा दुकानाच्या फळीवर पेट्रोलच्या बाटल्या मांडलेल्या असतात, आणि त्यांचा भाव मालकाच्या मर्जीचा. कलबुर्गीत व्यावसायिक कबड्डीचा संघ आल्यापासून सामन्याच्या दिवशी ह्या बाटल्यांचा भाव किती चढतो, हा तिचा विषय. संघाचा मालक दत्ताचा भक्त, म्हणून घरचे सगळे सामने गुरुवारीच. त्या दिवशी भाव विचारायचं काम तिच्या नवऱ्याकडं, अमरदीपकडं. तो गाडीवरून सामन्याला जाता जाता सगळ्या दुकानांत थांबायचा.

चार वर्षांनी आकडा हाती आला. एरवी एकशे दहा, सामन्याला एकशे तीस. मार्गदर्शक मृत्युंजय सर खूश होते. "संघ आला की वीस रुपये चढतात. झकास!" प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

बुधवारी दुपारी चहा पिताना अमरदीप म्हणाला, "उद्या पळापळ न्हाई, लॉजवरच बसायचं. मॅच न्हाई, म्हणजे भाव विचारायला बी जायचं न्हाई."

शिवकन्येची बशी हातातच राहिली.

"अहो, मॅच नसलेल्या गुरुवारी तुमी कधी भाव विचारलात?"

"तू कधी सांगितलंस? तुझा नेम असतोय ना."

चार वर्षांत तिनं सोमवार टिपला, शनिवार टिपला, पण बिनसामन्याचा एकही गुरुवार नाही. आणि गुरुवार म्हणजे तर गाणगापूरचा गर्दीचा वार! सोलापूर, अक्कलकोटकडून माणसांची रीघ लागते. मग ते वीस रुपये चढले कुणामुळं? कबड्डीमुळं, का दत्ताच्या गर्दीमुळं? उद्याही भाव एकशे तीसच निघाला, तर संघाचा त्यात काही वाटा नव्हता आणि तिचा सगळा प्रबंध फुकट. लॉजमध्ये राहून, दर गुरुवारी खोल्या भरलेल्या बघून हे आपल्याला दिसलं नाही? देवाच्या नादात देवाचीच गर्दी दिसली नाही.

"उद्या मीच जाते," ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. उद्या गुरुवार. आणि मॅच नाही म्हणून अमरदीपनं लॉजवरच्या गड्याला सुट्टी दिलेली, त्याला हलता येणार नव्हतं.

सासूबाई सत्यभामाबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुझा नेम भाव विचारायचा न्हाई असा हाय ना? ऐकायचा न्हाई असा तर न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग मी विचारते. तू गाडी चालव."

दुसऱ्या दिवशी माधुकरी वाढून झाली आणि दोघी स्कूटीवर निघाल्या. आत्याबाईंनी पदर कमरेला घट्ट खोवला होता. रस्ताभर शिवकन्येच्या ओठांवर दत्ताचं नाव होतं, पण मनात एकच आकडा घुमत होता : तीस.

पहिलं दुकान काशप्पाचं.

"या अव्वा! आज सुनेसंगं? मॅडम, तुमी गप कामून? रोज तर आल्या आल्या विचारताव."

"तिचा उपास हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मला सांग, बाटली कशी दिलीस?"

"एकशे वीस."

शिवकन्येनं डोळे मिटले. वीस! तीस नव्हे!

"अगं बया! एरवी तर दहाला देतोस!"

"अव्वा, आज गुरुवार. माणसं लांबून येत्यात. दहा रुपयं जास्ती घेतो."

मॅच असली की किती, हा प्रश्न शिवकन्येच्या जिभेच्या टोकाशी आला. तिनं तो गिळला आणि सासूकडं पाहिलं.

"आन् मॅचच्या गुरुवारी?" आत्याबाईंनी विचारलं.

"तीस. तवा पोरं बी असत्यात ना, घोषणा देत, घाईत. घाईतला माणूस भाव करत न्हाई."

पुढच्या दुकानांतही तेच. कुठं एक रुपया वर, कुठं एक खाली. लिंबाच्या सावलीत गाडी लावून शिवकन्येनं सरांना फोन केला आणि आपली चूक सरळ सांगून टाकली. "सर, वीस रुपये नाहीत. दहा गुरुवारचे आहेत, दहाच कबड्डीचे."

सर हसायलाच लागले. "अगं, आज कळलं हे बरं झालं! बाहेरून येणारे परीक्षक सोलापूरचे हायत. दर गुरुवारी गाणगापूरला असतात. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता. दहा तर दहा, पण आता कुणी हलवू शकणार न्हाई. सोमवार राहू दे. आणखी काही गुरुवार बघ, मग दे."

फोन ठेवल्यावर शिवकन्येला कालपासून पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं. उपास होता, तरी ते बरं वाटलं.

परतताना तिला मागून पेट्रोलचा वास आला. आत्याबाईंच्या मांडीवर पिशवी होती.

"आत्याबाई, हे काय? टाकी तर भरलेली हाय!"

"काशप्पाकडनं घेतली, तू गाडी वळवत हुतीस तवा. एकशे पंधराला दिली. भाव विचारून तसंच यावं का? बरं दिसतं का ते?"

"मी मात्र एकशे वीसच लिहिणार," शिवकन्या म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून तिनं गाडी हळू केली.

"लिही की. पुढल्या गुरुवारी बी मीच येते. तवा दहाला मागते."

"न्हाई आत्याबाई! नुसतं विचारायचं!"

"बघू," मागून आवाज आला.