अन्वीचं शुद्ध मराठी

टपालपेटीत किल्ली पडलेली होती. सोबत चिठ्ठी नाही, पाकीट नाही. ऋचाने ती पाहताक्षणी ओळखली, कारण तिला लाल लोकर तिनेच बांधली होती. घराची ही जादा किल्ली गेली तीन वर्षं तळमजल्यावरच्या तुर्की बाईंकडे, फ्राउ देमीरकडे असायची. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये दार मागे ओढलं आणि किल्ली आत राहिली, की माणूस थंडीत पायरीवर बसतो; म्हणून एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे ठेवायची, असा इथला रिवाज. ती परत आली याचा अर्थ शेजार संपला.

"एवढा तोरा!" ऋचा जिन्यातच मोठ्याने म्हणाली. पण तिचा रोजचा राग दुसऱ्या मजल्यावर, सोफ्यात टॅब्लेट घेऊन बसला होता आणि नात्याने तिचा सासरा लागत होता.

उल्हासराव नाशिकला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको मीनल गेली. एकटे कसे राहतील, म्हणून मुलाने, नीलने, त्यांना इकडे आणलं. इकडेही ते एकटेच राहिले, फक्त हीटर चांगला होता. पहिल्याच महिन्यात ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने त्यांना काठीने ढोसलं आणि काहीतरी सुनावलं. भाषा कळली नाही, अर्थ कळला. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनासे झाले. मग नीलने टॅब्लेट आणून दिला. त्या घरात आठ वर्षांच्या अन्वीला स्क्रीन दिवसाला अर्धा तास, तोही घड्याळ लावून. आजोबांना मात्र त्यावरच्या भडक मराठी वाहिन्यांसाठी दिवसभर मोकळं रान.

दुपारी तीन वाजता शाळेत बोलावणं होतं. फ्राउ लिंडनर नावाच्या समुपदेशक बाईंनी ऋचाला बसायला सांगितलं आणि समोरचा कागद उचलला. अन्वीने मधल्या सुट्टीत झेनेपला, म्हणजे फ्राउ देमीरच्या मुलीला, सगळ्यांदेखत जे सांगितलं ते त्यावर लिहिलेलं होतं. तुम्ही पाहुणे म्हणून येता आणि घराचे मालक होता. सापाला दूध पाजलं तरी तो डसायचा राहत नाही. मग अन्वीने खडूने एक रेघ मारली आणि झेनेपला पलीकडे उभं केलं. आणखी दोन मुली अन्वीच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. झेनेप तीन दिवस शाळेत आलेली नाही आणि तिची आई तिचं नाव काढून घ्यायच्या विचारात आहे.

किंडरगार्टनपासून दोघी एकमेकींवाचून जेवत नसत.

"अशी वाक्यं मुलीने कुठून आणली?" फ्राउ लिंडनरने विचारलं.

ही वाक्यं ऋचाने ऐकलेली होती. जर्मनमध्ये नव्हे, मराठीत, माइकवरून.

फेब्रुवारीअखेर मराठी मंडळाचा भाषा दिन झाला होता. इथली पोरं मराठी समजतात आणि उत्तर जर्मनमध्ये फेकतात, हे मंडळातल्या प्रत्येक आईचं रोजचं रडगाणं. त्यामुळे अन्वी संध्याकाळी आजोबांजवळ बसून शब्द पाठ करायला लागली तेव्हा ऋचा हरखली. घुसखोर, स्वाभिमान, विश्वासघात! पोरीच्या तोंडून 'विश्वासघात' ऐकून ती आणि नील पोट धरून हसले होते. भाषण आजोबांनी लिहून दिलं. साडी नेसलेली अन्वी चार मिनिटं न अडखळता बोलली, 'ळ' आणि 'ण' सगळे जागच्या जागी. हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. टाळ्या थांबेनात. पोर काय बोलली, हे एकाच्याही कानात शिरलं नव्हतं. सगळे उच्चार ऐकत होते. ऋचाने व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि वर पासष्ट बदाम मोजले.

"आजोबा," ती फ्राउ लिंडनरला म्हणाली. "माझे सासरे शिकवतात तिला. टॅब्लेटवरच्या वाहिन्या ऐकून."

"बरं, दिवसभर त्यांच्याशी कोण बोलतं?"

"त्यांना काही कमी नाही," ऋचा फटकन म्हणाली. "जेवण फ्रिजमध्ये असतं."

फ्राउ लिंडनरने यावर वाद घातला नाही. एका सल्लाकेंद्राचं कार्ड पुढे सरकवलं. अशा वडीलधाऱ्यांचे घरचे लोक तिथे जातात, म्हाताऱ्यांचं एकटेपण आणि असल्या वाहिन्यांचं वेड दोन्ही त्यांना ठाऊक आहेत, असं सांगितलं. ऋचाने कार्ड घेतलं आणि मनात म्हणाली, आमच्याकडे कुणी वेडं नाही.

ट्रामच्या थांब्यावरून तिने नीलला फोन लावला. तो कामासाठी हॅम्बर्गला गेला होता. "बाबांना काही बोलू नकोस हां, त्यांचं बीपी आहे," तो म्हणाला. "आणि मंडळात तर अजिबात सांगू नकोस. उगाच शोभा." बापाची तब्येत आणि मंडळाची अब्रू, दोन्ही एका दमात सांभाळून त्याने मीटिंगसाठी फोन ठेवला.

ऋचाने घरात शिरताच टॅब्लेट ओढून घेतला.

"काय भरवता हो तुम्ही माझ्या पोरीला, बाबा?"

"खरं तेच सांगितलं," उल्हासराव म्हणाले. "आण तो इकडे."

"खरं? ती फ्राउ देमीर! तुम्हाला चक्कर आली तेव्हा आपलं दार कोणी उघडलं? अ‍ॅम्ब्युलन्स कोणी बोलावली? मी होते का? नील होता?"

म्हातारा हट्टी पोरासारखी हनुवटी वर करून म्हणाला, "एक वाजता तो विचारतो."

"कोण?"

"वाहिनीवरचा. बरोबर एक वाजता. 'नमस्कार काका, जेवलात का?' रोज विचारतो. मी 'हो' म्हणतो, मग तो पुढचं बोलतो. मीनल गेल्यापासून मला हे कोणी विचारलंय, सांग. तू फ्रिजच्या दाराला चिठ्ठी लावतेस. 'डबा दुसऱ्या कप्प्यात.'"

ऋचाला त्यांची दया आली नाही. उलट जास्तच संताप आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. ज्या माणसाने पोरीच्या तोंडात विष घातलं त्याच्यापुढे आपण खाली बघतोय, हे तिला सहन होईना. "तो सगळ्यांनाच काका म्हणतो," ती म्हणाली. "लाखभर काका आहेत त्याला." आणि ते ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा पडला, तेव्हा तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

मग तिने अन्वीचा हात धरला, किल्ली घेतली आणि तळमजल्यावर जाऊन घंटी वाजवली. मागे सपातांचा आवाज आला. उल्हासराव कुणी न बोलावता जिना उतरून तिसऱ्या पायरीवर थांबले होते.

दार वीतभर उघडलं. फ्राउ देमीरने तिघांकडे पाहिलं, पण साखळी काढली नाही. आत, तिच्या कोपराखालून, झेनेपचा एक डोळा दिसत होता.

अन्वीने माफी मागितली. घरून पाठ करून आणल्यासारखी, चार शब्दांत.

"हे तिला कोणी शिकवलं?" फ्राउ देमीरने ऋचाला विचारलं.

पायरीवरच्या माणसाकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण ऋचाने त्याहून सोपं उत्तर काढलं. "इंटरनेट," ती म्हणाली. "हल्ली मुलं काय काय बघतात. आम्हाला पत्ताच नव्हता."

अन्वीने मान वर केली. एरवी आईला जर्मनमध्येच उत्तर देणारी ही पोर आजोबांनी घासूनपुसून दिलेल्या मराठीत, एकही शब्द न अडखळता म्हणाली, "पण आई, तू तर टाळ्या वाजवल्या होत्यास. सगळ्यांनीच वाजवल्या होत्या."

"काय म्हणाली ती?" फ्राउ देमीरने विचारलं.

ऋचाला वाटलं, काहीही सांगता येईल, या बाईला काय कळणार आहे. झेनेपचा डोळा अजून तिथेच होता. ऋचाने सांगितलं. मंडळ, भाषण, साडी, व्हिडिओ, टाळ्या, काही न गाळता.

"किती माणसं होती?"

"ऐंशी."

"आणि एकानेही काही म्हटलं नाही."

"नाही."

फ्राउ देमीरने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं. पुढे केलेल्या किल्लीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दार लागलं, आणि आतून कडीही लागली.

अन्वी रडायला लागली. ऋचा तिसऱ्या पायरीवर येऊन बसली. शेजारी सासरे होते. तेही बसले, गुडघे धरून. मग ऋचाने पर्समधलं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "उद्या इथे जायचंय. तुम्ही आणि मी," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. "आणि रोज दुपारी फोन करीन एक वाजता. उचला."

नंतर तिने मोबाइल काढला, मंडळाचा ग्रुप उघडला आणि अन्वीचा तोच व्हिडिओ पुन्हा टाकला. खाली लिहिलं, 'माझी मुलगी यात काय बोलते आहे, ते सगळ्यांनी पुन्हा ऐका. आपण ऐकलंच नव्हतं.' आणि ती वाट बघत बसली.

चार मिनिटांच्या त्या व्हिडिओला अर्ध्या मिनिटात पहिला अंगठा आला. पाठोपाठ संदेश आला, 'वा! काय शुद्ध मराठी!'