दोरी बांधलेली नंबरप्लेट

मी एका लाँड्रीच्या व्हॅनची मागची नंबरप्लेट बोलतेय. सध्या व्हॅनवर नाही. पोलीस ठाण्याच्या कपाटात पडलेय, अंगावर पुराव्याची चिठ्ठी चिकटवून. उद्या सकाळी सुनावणी आहे. जीव नुसता टांगणीला लागलाय, म्हणून बोलून घेते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. धाडकन साचा पडला आणि साध्या पत्र्याच्या अंगावर आकडे उठले. दुखलं, पण अभिमानही वाटला. माझ्या नंबरची दुसरी गाडी जगात नव्हती.

व्हॅन बाईंच्या नावावर, कारण लाँड्रीच बाईंची. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या, कडक इस्त्री करायची आणि वेळेत पोचवायच्या. बाई रोज मला ओल्या फडक्यानं पुसत. "पांढऱ्या चादरी नेतो आपण. पाटीच मळकी दिसली तर कोण विश्वास ठेवील?" म्हणत. शहरातल्या फेऱ्या त्या करत, हायवेवरच्या त्यांचे यजमान.

यजमान माणूस वाईट नाही. पण डोक्यात सतत काहीतरी खटपट. नळ गळायला लागला तर बूच कोंबतील, चिंधी बांधतील, पण नळवाल्याला बोलावणार नाहीत. सासरची मंडळी त्यांना कौतुकानं 'हिकमती' म्हणत, आणि त्या कौतुकानंच घात केला.

हायवेवरचे टोलनाके उठले आणि कमानीवर कॅमेरे आले. गाडी खालून पुढे गेली की मागून पाटी टिपायची, बिल घरी. हिकमतींनी मला बिजागरी लावली, दोरी बांधली आणि तिचं टोक ड्रायव्हरच्या सीटखाली नेलं. कमान आली की दोरी ओढायची, की मी तोंड वर करून आभाळ बघत बसायचं. "कुणाला काय कळतंय!" म्हणून ते एकटेच हसत. मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कळलं. पुढच्या पुलावर दुसरा कॅमेरा होता. कमानीखाली न दिसलेली गाडी पुलावर कशी दिसते? असं दोनदा झालं. दोन नोटिसा आल्या, दोन्ही बाईंच्या नावानं. हिकमतींनी दंड गुपचूप भरला आणि कागद व्हॅनमधल्या जादा टायरखाली सारले.

मग एक दिवस गाडीतल्या रेडिओवर बातमी लागली. नियम कडक झाला होता. तिसऱ्यांदा टोल चुकवला तर गाडी जप्त, आणि गाडी ज्याच्या नावावर त्याचा परवाना वर्षभर बंद. हिकमतींनी व्हॅन कडेला घेतली, कपाळ पुसलं. "रविवारी काढून टाकतो ही दोरी," असं पुटपुटले. त्यानंतर तीन रविवार गेले.

मंगळवारी सकाळी त्यांची कंबर धरली.

"आज मी जाते हायवेनं," चादरींचे गठ्ठे भरत बाई म्हणाल्या.

हिकमती कमरेवर हात ठेवून कसेबसे दारापर्यंत आले. "अगं, जुन्या रस्त्यानं जा."

"का? दवाखान्यात दहाच्या आत पोचायचंय. त्या रस्त्यानं दुपार होईल."

"नाही... तिकडं गर्दी कमी असते, म्हणून."

"अहो, काहीतरीच काय! पडा जाऊन तुम्ही."

तेव्हा बोलायला हवं होतं त्यांनी. पण दोरीचं सांगायचं तर नोटिसांचंही सांगावं लागलं असतं. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो.

बाईंनी डब्याची पिशवी सीटखाली सरकवली. पिशवीचा बंद दोरीत अडकला. हायवेच्या वळणावर पिशवी घसरली, दोरी ताणली गेली आणि मी वर. समोर कमान! खाली पडावं म्हणून मी किती खडखडले, पण इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पुढे गस्तीची गाडी उभीच होती.

"ताई, पाटी कुठंय तुमची?" साहेबांनी विचारलं.

बाई उतरून मागे आल्या. बिजागरीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तिसरी वेळ आहे. आता गाडी सोडता येणार नाही."

"तिसरी? अहो, या रस्त्यावर मी पहिल्यांदाच आलेय."

साहेबांनी मोबाइलवर तारखा दाखवल्या. बाईंनी त्या दोनदा वाचल्या आणि घरी फोन लावला.

"ही दोरी तुम्ही बांधलीत?"

"हो."

"आणि नोटिसा?"

"सांगणारच होतो गं."

बाई रडल्या नाहीत. "साहेब, चादरी तेवढ्या पोचू द्या. तिथं पेशंट खोळंबलेत," एवढंच म्हणाल्या. चादरी भाड्याच्या टेम्पोतून गेल्या.

साहेबांनी नंतर बाईंना समजावून सांगितलं: दोरी बांधणाऱ्यानं सुनावणीत स्वतः कबूल केलं, तर बाईंचा परवाना वाचेल, मग त्याचा जाईल. बाईंचा परवाना गेला तर त्या चादरी पोचवणार कशा? लाँड्रीला कुलूपच.

आज दोघं ठाण्यात आले होते. "उद्या सांगाल ना?" बाईंनी हळूच विचारलं. हिकमतींनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "बघू," म्हणाले.

हिकमती, हात जोडता येत नाहीत, नाहीतर जोडले असते. माझ्या आकड्यांवरून एकच नाव निघतं, ते बाईंचं. उद्या टेबलावर ठेवलं की मी तेच सांगणार, दुसरं मला येत नाही. तुमचं नाव तेवढं तुम्ही सांगा.