आठव्या टेस्टचं उत्तर

माझं काम काय, हे गावात समजावून सांगणं मी सोडून दिलंय. नागपूरच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून जुन्या पर्ल प्रोग्रामच्या टेस्ट लिहिते. पर्ल ही प्रोग्राम लिहायची एक भाषा. आता तिला कोणी फारसं विचारत नाही, पण तिच्यात लिहिलेले प्रोग्राम अजून ठिकठिकाणी मुकाट्याने राबतायत. टेस्ट म्हणजे त्या प्रोग्रामला विचारायचा प्रश्न. उत्तर काय यायला हवं ते मी आधीच लिहून ठेवते. जुळलं तर पडद्यावर 'ओके' येतं, नाही जुळलं तर 'नॉट ओके'. एकदा लिहून ठेवलं की मशीन ते सगळे प्रश्न हवे तितक्या वेळा आपणहून विचारतं.

"म्हंजे तू मशीनची मास्तरीन," माय म्हणते. यात चूक काही नाही, म्हणून मी वाद घालत नाही. एरवी घालते.

सप्टेंबरच्या शेवटी ओमेश लॅपटॉप बगलेत मारून आमच्या घरी आला. ओमेश म्हणजे आमच्या पाणीवाटप संस्थेचा सचिव, वय अठ्ठावीस, आणि जन्मापासून घाईत. आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून नऊ किलोमीटरवर. पाऊस थांबला आणि धान निसवायला आला की तलावाचं पाणी सोडतात, आणि कोणी कधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी घ्यायचं याची यादी संस्थेच्या भिंतीवर लागते. ती यादी एक पर्ल प्रोग्राम काढतो. बारा वर्षांपूर्वी कोणा इंजिनियरने लिहून दिला होता. तो इंजिनियर आता फोन उचलत नाही.

"अल्काताई, शेताच्या वाटण्या झाल्या, तिघांनी बोअर मारले. प्रोग्राम जुनीच नावं देऊन राहिला. जरा ठीक करून देजो."

"आधी टेस्ट लिहीन. त्याशिवाय जुन्या प्रोग्रामला मी हात लावत नाही."

"टाइम कुठं हाय? रविवारी यादी लावाची हाय, सोमवारी पानी सुटते."

"मग उचल तुझा लॅपटॉप."

त्याने उचलला नाही. डोकं खाजवत निघून गेला.

आता अडचण अशी, की टेस्ट लिहायची तर बरोबर उत्तर कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. संस्थेची नियमावली एका कागदाची, त्यातही अर्धा कागद सह्यांचा. खरी उत्तरं गावात एकाच माणसाकडे होती, बिसरामकाकांकडे. बिसरामकाका आमच्या तलावाचे पानकर, म्हणजे पाणी सोडणारे, वाटणारे. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. काका आता बहात्तर वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. हे त्यांचं शेवटचं वर्ष. त्यांच्यानंतर पानकर कोणी नाही, नुसती यादी.

मी त्यांना बोलावलं. ते सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, भिंतीला टेकून बसले. आत माय तांदूळ पाखडत होती. तिने बाहेर येऊन रामराम किंवा जयभीम काहीच केलं नाही. आमची बांधी पाटाच्या शेवटाला, पाणी आमच्यापर्यंत येईस्तोवर बारीक होतं, आणि त्याबद्दल माय दरवर्षी सभेत काकांना चारचौघांत सुनावत आलेली. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस आपला वैरी आहे.

ओमेशने दिलेली नवी नावं आणि मापं मी प्रोग्रामला हात न लावता नुसती भरून घेतली होती. आमच्या पाटावर आता अकरा नावं. सकाळी सहाला सुरुवात, एकराला दोन तास, पाणी रात्रंदिवस चालू. मी नाव वाचायची, काका डोळे मिटायचे, मनातल्या मनात पाट चालून जायचे आणि वेळ सांगायचे. मी ती टेस्टमध्ये लिहायची. सात टेस्ट ओके आल्या. काका हसले. "मशीन हुशार हाय तुयी."

"आठवी पुष्पांजली. दोन एकर."

"तिले सकाळची."

पडद्यावर 'नॉट ओके'. प्रोग्रामचं म्हणणं, रात्री नऊ ते एक. मी बोटांवर मोजलं, माझंही तेच आलं.

"काका, रात्रीची येते."

"येऊ दे. तिले सकाळची."

"कायले पण?"

"नवरा होळीपासून सुरतले हाय. घरी चार वर्साची पोरगी. पोरीले कोनापाशी ठेवन ते? आन रातच्या वक्ती पाटावर साप, इचू, दारू पेलेले लोक. एकल्या बाईले आपन रातचं पानी देत नाई."

"हा नियम कुठं लिहिलाय?"

"लिवला नाई. पन हाय."

अशा उत्तराने माझं डोकं फिरतं. मी म्हणाले, "ठीक आहे. ती सकाळी गेली तर तिच्या जागी रात्री कोण जातं?"

काका तंबाखू मळायला लागले. "जाते कोनीतरी."

"मशीनला 'कोणीतरी' चालत नाही, काका. नाव लागतं."

त्यांनी चिमूट दाढेखाली धरली. मग म्हणाले, "माई बांधी दोन एकर होती. बरोबरीचं माप. अदलाबदल केली त मधातल्या कोनाच्या टाइमले धक्का नाई लागत."

"म्हणजे तुम्ही जायचात?"

"मले रातची झोपच येत नाई."

"असं कोणाकोणासाठी गेलात?"

"धुरपतासाठी तीन साल. मंग तुयी माय. तुहा बाप गेला तवापासून, तू मोठी होईपर्यंत. आठ-नऊ साल असन." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. आतला सुपाचा आवाज थांबला होता.

मी पाच वर्षांची असताना बाबा वारले. पाण्याच्या दिवशी माय मला पहाटे उठवून शेतावर न्यायची, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवायची आणि फडक्यात मुर्रा, म्हणजे चुरमुरे, बांधून द्यायची. मी खायची, ती फावड्याने पाणी फिरवायची, वर ऊन यायचं. पाणी सकाळीच येतं, दूधवाल्यासारखं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. त्या प्रत्येक सकाळच्या बदल्यात हा माणूस आमच्या वाट्याची रात्र जागत होता, आणि आम्ही त्याला वैरी म्हणत होतो. मला पुढची टेस्ट वाचता येईना.

उरलेल्या तीन टेस्ट कशाबशा झाल्या. काका गेल्यावर माय बाहेर आली आणि काका टेकले होते त्याच जागी बसली.

"मले मालूम नवतं," ती म्हणाली. "मले वाटे, यादीच तशी निघते." मग एकदम चिडून, "सांगाले काय झालतं त्याले? मी त्याले काय काय बोलली हावो, अल्का! आन एक कप चहा नाई पाजला आजपर्यंत."

शुक्रवारी मी प्रोग्राम उघडला. काकांची आणि पुष्पांजलीची अदलाबदल लिहिली, तर आठवी टेस्ट ओके आणि दुसऱ्या सहा नॉट ओके. ओमेशला फोन लावला तेव्हा कळलं, काकांची जमीनही यंदा दोन मुलांत वाटली गेली. एक एकर पलीकडच्या पाटाला जोडलं, आमच्या पाटावर एकच उरलं. दोन एकराच्या जागी एक एकर घातलं की मधल्या सगळ्यांच्या वेळा सरकणारच. आता दोन एकर आणि दिवसाची पाळी, असं नाव अकरांत एकच होतं. वरच्या तिघांनी बोअर घेतल्यावर त्यांची नावं गळली आणि आमची शेवटची पाळी आपोआप दुसऱ्या दिवशी सकाळी सहावर सरकली होती. ते नाव होतं सुमनबाई, म्हणजे माझी माय.

हे मला पहिल्या तासातच दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. दिसलं आणि मी पडदा खाली सरकवला. रात्री नऊ ते एक पाटावर जायचं म्हणजे मीच जायचं. मायचे गुडघे गेलेत. मला सापाची भीती वाटते, आणि सकाळी नऊला माझी नागपूरशी मीटिंग असते. मी स्वतःला अशी पाच-सहा कारणं सांगितली.

पर्लमध्ये एक सोय आहे. एखादी टेस्ट आत्ता जुळणार नाही हे ठाऊक असेल तर तिच्यावर 'पुढे करायचं' अशी खूण करता येते. मग ती नापास झाली तरी मशीन ते नापासांत धरत नाही. मी काकांची अदलाबदल पुसली आणि आठव्या टेस्टवर ती खूण केली. खाली ओळ आली, सगळ्या टेस्ट पास. ओमेशला फोटो पाठवला. त्याने तीन अंगठे पाठवले. मला मात्र कॉपी करून पास झाल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी मायने विचारलं, "झालं का काम?"

"झालं. सगळं पास."

"पुष्पांजलीले सकाळ भेटली?"

"नाही. तिच्यावर खूण केलीय. पुढे बघू."

"पुढे म्हंजे कवा? पानी त परवा सुटते."

मी तिला समजावलं. काकांचं एकच एकर राहिलं, माप जुळत नाही, बाकीच्यांच्या वेळा बिघडतात. तिने नीट ऐकून घेतलं. माय दुसरी शिकलेली, पण पाण्याच्या बाबतीत तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"आपली किती हाय?"

मी लॅपटॉपचं झाकण लावायला लागले.

"अल्का, आपली किती हाय?"

"दोन एकर."

"आन पाळी?"

"सकाळी सहाची."

ती उठली, खुंटीवरची बॅटरी काढली, बटन दाबून उजेड पडतो का बघितलं आणि चार्जिंगला लावली. मग भिंत धरून परत बसली. "तुले भेव लागत असन त मी जातो. मले काई नाई."

मला रडू आलं. आधी रागाने आलं, तिच्या त्या गुडघ्यांच्या, बॅटरीच्या आणि न रागावण्याच्या रागाने. नंतर त्यात राग राहिला नाही. तिने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. छत्तीस वर्षांची मी, मास्तरीण.

दुपारी मी बसले, पुष्पांजलीच्या अदलाबदलीत मायचं नाव लिहिलं आणि मायच्या टेस्टमध्ये सकाळी सहाच्या जागी रात्री नऊ केलं. टेस्ट चालवल्या. खूण केलेली टेस्ट पास झाली तर पर्ल तेही सांगतं, की ही पास होईल अशी अपेक्षा नव्हती. ती ओळ मी तीनदा वाचली आणि खूण काढून टाकली. मग बारावी टेस्ट लिहिली. एकट्या बाईला, जिच्या घरी लहान मूल आहे तिला, रात्रीची पाळी आली आणि तिच्या जागी जाणाऱ्याचं नाव दिलेलं नसेल, तर प्रोग्रामने यादी काढायचीच नाही. तिथेच थांबायचं आणि नाव मागायचं. पुढच्या वर्षी काका नसतील, पण हा प्रश्न असेल.

रविवारी सकाळी ओमेश यादी न्यायला आला. त्याने सगळं वाचलं, दोनदा वाचलं. "ताई, पुढच्या साली नाव नाई भेटलं त?"

"तर यादी निघणार नाही. मग तू गावात फिर आणि नाव शोध."

"माई त दीड एकरच हाय," तो पुटपुटला, आणि पहिल्यांदाच घाई न करता बसून राहिला.

तेवढ्यात बिसरामकाका आले. मायने त्यांना कपबशीत चहा आणून दिला आणि समोर उभी राहिली. "साखर पायजे का अजून?"

"नाई, बरोबर हाय."

"इतकी सालं झाली, एका शब्दानं सांगता नाई आलं तुमाले?"

काकांनी बशीत चहा ओतला. "सांगतलं असतं त तू सकाळ घेतली असती का, सुमनबाई?"

मायने विचार केला. "नसती घेतली."

"मंग?" काका म्हणाले. फुंकर मारून चहा प्यायले आणि माझ्याकडे वळले. "पुष्पांजलीलेही नको सांगू, पोरी. ते तुया मायपेक्षा जहाल हाय."

संस्थेच्या भिंतीवर मी आणि ओमेशने यादी लावली. माय कट्ट्यावर बसली होती. लोक येऊन आपापलं नाव बघून जात होते. पुष्पांजली पोरीला कडेवर घेऊन आली, बोट लावून ओळी वाचत खाली गेली, थांबली आणि पुन्हा वाचलं.

"सकाळी सहा! ताई, माई सकाळची आली!" तिने पोरीचा गालगुच्चा घेतला. "चार दिसापासून झोप नाई मले. म्हटलं, रातची आली त हिले कोनापाशी ठेवू." मग हळूच डोळे बारीक केले. "आन तुमची कवाची? तुमी त मशीनवाले, तुमची चांगलीच आली असन."

तिने आमचं नाव शोधलं. "रातचे नऊ? बाप्पा!" ती मोठ्याने हसली, आणि आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. "अल्काताई, आपल्याच प्रोग्राममंधी रातची काढून बसल्या का? काऊन, जमला नाई का तुमाले?"

गावासमोर माझं काम मला जमत नाही, असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. उत्तर जिभेवर तयार होतं. मी मायकडे बघितलं. माझ्याहून तिखट जिभेची ती बाई पदराने तोंड पुसत तलावाकडे बघत होती. पोरगी कडेवरून माझ्याकडे हात पुढे करत होती, म्हणून मी तिला घेतलं.

"हो ना," मी म्हणाले. "काय करणार, यादीच तशी निघाली."