उदयसिंहांची दुभाषी

दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांच्या व्यापारगटाशी भारताला करार करायचा होता. तिकडं सोलापुरी टॉवेलवरचा आयातकर माफ व्हावा म्हणून कारखानदार संघाचे अध्यक्ष उदयसिंह वर्षभर दिल्लीच्या खेपा घालत होते. शेवटी त्या गटाचं शिष्टमंडळ त्यांचाच कारखाना बघायला आलं. सोबत पुण्याहून सरकारनं पाठवलेली स्पॅनिश दुभाषी होती, कीर्ती.

उदयसिंहांनी तिला ओळखलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिच्या आईची, भीमाबाईची, दोन बोटं इथल्याच यंत्रात गेली होती. कीर्ती तेव्हा भरपाई मागायला फाटकाबाहेर ताटकळत उभी होती. "ही बाई आमच्याकडं कामालाच नव्हती," असा निरोप त्यांनी आतूनच पाठवला होता.

बैठकीआधी कीर्तीनं बजावलं, "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार. तसा नियमच आहे."

"सांगा की!" उदयसिंह हसले.

शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "कामगारांना अपघात होतात का?"

"आजवर एकबी न्हाय."

कीर्तीनं तेही जसंच्या तसं सांगितलं.

"मग अपघातांची नोंदवही दाखवा."

उदयसिंह मॅनेजरकडं झुकले. "सोमलिंग, जुनी वही काढू नको. बोटं गेलेल्या बाया हायेत तिच्यात. काल नवी केलीया, ती आण."

कीर्ती घोटभर पाणी प्यायली आणि शांतपणे, एक शब्द न गाळता, स्पॅनिशमध्ये सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जुनीच आणा."

"काय सांगितलंस गं तू?" उदयसिंहांचा चेहरा उतरला.

"तुम्ही बोललात तेच."

वही आली. चौथ्या पानावरचं भीमाबाईचं नाव कीर्तीनं मोठ्यानं वाचलं. "माझी आई," ती उदयसिंहांकडं बघत म्हणाली.

ते गोंधळले. "कुठली भीमाबाई?"

त्या प्रश्नानं तिची उरलीसुरली दयाही आटली.

महिन्याभरात करमाफीच्या यादीतून टॉवेल वगळले गेले. संघानं उदयसिंहांना अध्यक्षपदावरून काढलं. वहीची प्रत घेऊन कीर्तीनं कामगार न्यायालयात दावाही लावला.

भीमाबाईला मात्र आनंद झाला नाही. "त्याची जिरली, बरं झालं. पण बाकीच्या कारखान्यांत बाया हायेत की. त्यांचं काम कमी झालं तर गं?"

हे कीर्तीला त्या बैठकीतही सुचलं होतं. तरी ती थांबली नव्हती, आणि पुन्हा वेळ आली असती तरी थांबली नसती.