अक्षय टॅबचं पहिलं पान

कोराडीच्या वसाहतीतलं समाजमंदिर त्या दिवशी इतकं भरलं होतं की चपला ठेवायला जागा नव्हती आणि लोक चपला हातात घेऊनच हात जोडत होते. समोर पांढऱ्या पडद्यावर एका टॅबची स्क्रीन मोठी करून दाखवली होती. तिच्यावर लिहिलं होतं : एकूण साठवण, सोळा जीबी.

स्मृतिनाथ महाराजांनी चांदीच्या वाटीतली चिमूटभर राख टॅबच्या पाठीला लावली. खरं तर कोराडीत राखेचं अप्रूप कोणाला नसावं, इथं वाळत घातलेल्या कपड्यांवर ती वीज केंद्राच्या धुराड्यातून फुकट येऊन बसते. पण ही चांदीच्या वाटीतली होती. महाराजांनी डोळे मिटले, शिष्य ऋषिकेशनं टॅब बंद करून चालू केला आणि पडद्यावर नवा आकडा आला. एक टीबी. म्हणजे हजार जीबी.

"अवं माय! आकडा तं वाढला!" मागून एक बाई ओरडली, आणि टाळ्यांनी छतावरचे पंखे हलले. ते एरवी चालू असूनही हलत नसत.

"कंपनी काय देते? कंपनी डबा देते," महाराज सांगत होते. "मेमरी वरून येते! मेमरी म्हणजे काय? मी-मरी! ज्याचा मी मरी, त्याची वाढे मेमरी!"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या कवडू लांजेवारला हे कोणत्या पोथीतलं आहे ते कळेना. त्यानं शेजारी बसलेल्या मनोहररावांना विचारलं, तर ते जोडलेल्या हातांनीच डोळे पुसत होते.

आता यात एक गंमत होती. त्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या माणसांनी वीज केंद्रात तीस-तीस वर्षं मीटर वाचण्यात घालवली होती. काटा कुठं आहे, दिवा कोणता लागला, आकडा किती आला, यावर त्यांचं जेवण आणि झोप ठरत आली होती. देवाच्या बाबतीत त्यातले काही जण शंका काढत, मीटरच्या बाबतीत कधीच नाही. दुसऱ्या एखाद्या गावात महाराजांना मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी काढावं लागलं असतं. कोराडीत स्क्रीनवर आकडा बदलला, तेवढ्यानं भागलं.

कवडूसुद्धा मीटरवालाच. पण ही नोकरी लागण्याआधी तो चार वर्षं एका तेलाच्या गोदामात होता. तिथं टाकीवरचा काटा एकदा तीन दिवस 'भरलेली' दाखवत राहिला, कारण आतला तरंगणारा गोळा वरच अडकला होता. टाकी मात्र कोरडी ठणठणीत. त्या दिवसापासून कवडूला सवय लागली : काटा काहीही म्हणो, झाकण उघडायचं, वजन बांधलेली पट्टी तळापर्यंत सोडायची आणि ती किती ओली झाली ते पाहायचं. याला गोदामात 'डिप घेणं' म्हणत. पुढं ही सवय इतकी वाढली की घरी गॅस सिलिंडर आला तरी तो हलवून पाही, आणि पुष्पलता म्हणे, "लग्नाच्या येळी मले हलवून नाही पाह्यलं, नशीब माझं."

टॅबची गरज मात्र खरी होती. मुलगी उन्नती स्टाफ नर्सच्या भरतीची तयारी करत होती आणि परीक्षा एकोणीस दिवसांवर आली होती. तिच्या क्लासच्या मॅडम क्लास बंद करून गावाला निघून गेल्या होत्या. पण आठ महिने पहिल्या बाकावर बसून उन्नतीनं त्यांची चाळीस व्याख्यानं स्वतःच्या फोनमध्ये टिपली होती. सगळा अभ्यास त्या फोनात, दुसरीकडं कुठंच नाही. आणि फोनच्या अर्ध्या स्क्रीनवर हिरव्या रेघा.

"महाराजाचा अक्षय टॅब तीन हजार नऊशे नव्याण्णवले," पुष्पलता घरी येता येता म्हणाली. "दुकानात एवढ्या मेमरीचा टॅब घ्यायले गेलं तं किती सांगतीन, माहीत आहे का जी?"

"माहीत आहे. म्हणूनच मले भेव लागून राहिलं."

"तुम्हाले सस्तं दिसलं का भेव, महाग दिसलं का राग. पोरीनं शिकावं तरी कशावर?"

त्याच संध्याकाळी पुष्पलता परत जाऊन टॅब घेऊन आली.

एक अट होती. अक्षयपात्र हवं तर जुनं पात्र सोडावं लागतं. सगळं जुनं नव्या टॅबमध्ये ओतायचं, वर महाराजांची प्रवचनं ऋषिकेशकडून भरून घ्यायची (शेवटचं तो लावून दाखवी आणि लोक टाळ्या वाजवत), आणि जुना फोन लॉक काढून आणून द्यायचा. ऋषिकेश त्याची 'शुद्धी' करणार, म्हणजे आतलं सगळं पुसणार. मग फोन तांब्याच्या घंगाळात आणि शेवटी कन्हान नदीत विसर्जन. मनोहररावांनी पहिल्याच दिवशी फोन अर्पण केला. त्याबद्दल त्यांना स्वयंसेवकाचा बिल्ला मिळाला आणि तो त्यांनी जेवतानाही काढला नाही. महाराजांचा मुक्काम तीन दिवसांचा, आणि फोन द्यायची शेवटची वेळ तिसऱ्या दिवशी दुपारी बारा.

दुसऱ्या दिवशी उन्नतीनं केबल लावून चाळीसही व्याख्यानं टॅबमध्ये घेतली. यादी आली, एक ते चाळीस. शेवटचं उघडून पाहिलं, मॅडम छान बोलत होत्या. प्रवचनं तेवढी राहिली होती, ती तिनं आळस करून उद्यावर ढकलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कवडू बाजारातून आला तेव्हा उन्नती टॅब घेऊन बसली होती.

"पहिलं लाव."

"सगळे आहेत बाबा. हे पाहा, चाळीस."

"हे नावं आहेत. मले तळ दाखव."

उन्नतीनं हसत पहिल्यावर बोट ठेवलं. स्क्रीन काळी झाली. काळीच राहिली. दुसरं लावलं, काळं. पाचवं, काळं. विसावं, काळं. तिचं हसू कधी गेलं ते तिलाही कळलं नाही. मग ती शेवटाकडून मागं येऊ लागली. चाळीस चालू, एकोणचाळीस चालू, चौतीस चालू. तेहेतीस काळं.

"सात," कवडू म्हणाला. "सातच मावते यात."

उन्नतीच्या लक्षात आलं. "वही आहे बाबा ही. पानं सात आणि अनुक्रमणिका चाळीसची. आठवा धडा आला का पहिल्या पानावरचं खोडून तिथंच लिहिते. अनुक्रमणिकेत नाव तसंच राहते. म्हणून तं कधीच भरत नाही!"

"आणि महाराजाचे लोकं उघडून दाखवते शेवटचं."

"शेवटचं नेहमीच असते न."

ती उठली, टेबलावर पाहिलं, उशीखाली पाहिलं. "बाबा, माझा फोन?"

रात्रीच लॉक आणि सिम काढून ठेवलेला तो फोन घेऊन आई तासाभरापूर्वीच समाजमंदिरात गेली होती.

कवडूनं स्कुटी इतकी जोरात त्याआधी एकदाच चालवली होती, उन्नतीच्या जन्माच्या वेळी. वाटेत मागं बसलेल्या उन्नतीला तो फक्त "आठ महिने" एवढंच दोनदा म्हणाला.

समाजमंदिरात रांग होती आणि बिल्ला लावून मनोहरराव ती सरळ करत होते. पुष्पलतेच्या पुढं दोनच माणसं उरली होती.

"पुष्पा, थांब वं! देऊ नको!"

"आधी लायनीत तं लागा जी!" ती ओरडली. चार माणसांत नवरा मध्ये घुसतो याची तिला लाज वाटली.

कवडू रांगेत लागला नाही. तो सरळ महाराजांसमोर गेला, आणि भांडण केलं तर लोक आपल्यालाच बाहेर काढतील हे ठाऊक असल्यानं त्यानं आधी हात जोडले.

"महाराज, एक विनंती आहे. नवा डबा उघडा. राख लावू नका, मंत्र म्हणू नका. फक्त बंद करा आणि चालू करा."

"श्रद्धेवाचून सिद्धी नाही, बाळा," महाराज म्हणाले.

"मग मीच करतो. माझ्याजवळ श्रद्धा बिलकुल नाही. आकडा सोळाच राहीन आणि तुमचंच खरं होईन."

महाराज यावर विचार करू लागले. ते करत असतानाच मनोहरराव पुढं आले. त्यांचा विश्वास इतका पक्का होता की परीक्षेची त्यांना भीतीच नव्हती. त्यांनी टेबलावरचा सीलबंद डबा उचलून कवडूच्या हातात दिला. "होऊन जाऊ द्या महाराज! या कवडूभाऊले बी एकदा दर्शन द्या!"

टॅब पडद्याला जोडला. सोळा जीबी. कवडूनं बंद केला, चालू केला. एक टीबी.

राखेची वाटी जिथल्या तिथं होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

"माझा संकल्प हॉलभर पसरलेला आहे," महाराज म्हणाले. यावरही सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. सवय लागली की हात ऐकत नाहीत.

"तो आकडा डब्यातच लिहून ठेवला आहे," उन्नती म्हणाली. "एकदा बंद केला का दुसरा आकडा दाखवायचा, असं सॉफ्टवेअर भरलं आहे. जागा तेवढीच. काटा खोटा बसवला आहे."

काटा खोटा म्हटल्यावर हॉलमध्ये पहिल्यांदा चुळबुळ झाली. देवाविषयी बोललं असतं तर लोक चिडले असते. मीटरविषयी बोलल्यावर ते ऐकू लागले.

कवडू मनोहररावांकडे वळला. "मनोहरराव, तुमच्या टॅबात सर्वांत पहिलं काय टाकलं?"

"वच्छलाचे व्हिडिओ." वच्छला त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. "गच्चीवर पापड वाळू घालताना मले बोलून राहिली, तो आहे. नातवाच्या बारशाचा आहे. सगळे आहेत, नावं टाकून ठेवले मी."

"पाह्यले का मग?"

"मले पाहवत नाही गा."

"एक लावा."

मनोहररावांनी टॅब काढला. 'वच्छला पापड' असं नाव होतं. त्यांनी बोट ठेवलं. काळं. 'वच्छला बारसं', काळं. त्यांनी बोट पुसलं, पुन्हा ठेवलं, चष्मा लावून ठेवलं. मग गडबडीत बोट खाली घसरलं, यादीतलं शेवटचं नाव दाबलं गेलं आणि महाराजांचं प्रवचन पूर्ण आवाजात सुरू झालं : "मेमरी म्हणजे काय? मी-मरी!"

ते बंद कसं करायचं हे मनोहररावांना सुचेना. उन्नतीनं हातातून टॅब घेऊन बंद केला. वच्छलाबाईंच्या जागेवर आता महाराज होते.

पुष्पलतेनं उन्नतीचा फोन पदरात घट्ट धरला. मग ती पुढं गेली आणि घंगाळात डोकावली. आत चार-पाच फुटके, जुने फोन होते.

"तीन दिवसांत एवढेच आले का? बाकीचे कुठं आहेत?" तिनं विचारलं आणि ऋषिकेश टेबलाच्या कापडाकडे पाहू लागला. तिनं कापड वर केलं. खाली खोकी होती आणि त्यांत चांगले चांगले फोन, मॉडेलची चिठ्ठी लावून, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेले.

"काहून जी महाराज," ती म्हणाली, "कन्हानच्या पाण्यात फोन फुटतीन म्हणून का?"

त्यानंतर महाराजांनी उठायचा प्रयत्न केला. पण ज्यांनी तीन दिवस त्यांना आग्रहानं बसवलं होतं, त्यांनीच पोलिस येईपर्यंतही बसवून ठेवलं. पाणी विचारलं, चहा विचारला, जाऊ तेवढं दिलं नाही.

उन्नतीनं फोन उघडून एक ते चाळीस व्याख्यानं तिथंच तपासली. हिरव्या रेघांमागून मॅडम सगळीकडं बोलत होत्या. ती रडली आणि आपण रडतोय याचा तिला राग आला. घरी जाताना पुष्पलतेनं स्कुटीवर मागं बसून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मनोहररावांचा फोनही खोक्यात सापडला. त्यांनी प्लास्टिक काढलं, बटण दाबलं. फोन उजळला. अगदी नव्या फोनासारखा आवाज आला आणि स्क्रीनवर लिहून आलं : स्वागत आहे, भाषा निवडा. शुद्धी झाली होती. मनोहररावांनी मराठी निवडली.

पुढच्या रविवारी कवडू आणि उन्नती शहराच्या महाल भागातल्या एका छोट्या दुकानात टॅब घ्यायला गेले. मनोहरराव न बोलावता सोबत आले. साधा टॅब होता, चौसष्ट जीबीचा, आणि महाराजांच्या टॅबच्या अडीचपट किमतीचा. उन्नतीनं काउंटरवरच चाळीस व्याख्यानं आत घेतली. तासभर लागला. दुकानदार वैतागला, मग त्याला मौज वाटली. उन्नतीनं शेवटचं व्याख्यान उघडलं नाही. पहिलं उघडलं, आणि ते चालू झालं.

"स्वस्त घेणं पाप नाही," कवडू दुकानदाराला सांगत होता. "आमच्या ऐपतीत जे बसन तेच आम्ही घेऊ. महाराजानं आमची ऐपत पाहूनच दुकान मांडलं होतं. पण आकडा कोणीही लिहू शकते. दुकानदार लिहू शकते, बुवा लिहू शकते. आपण भरून पाहावं, आणि जे आधी भरलं ते आहे का ते पाहावं. एवढ्याले काही इंजिनिअर लागत नाही. पैसे देण्याच्या आधी पाहावं, नंतर नाही. आणि जो म्हणन का पाहू नका, विश्वास ठेवा, त्याच्यापाशी तं दोनदा पाहावं."

दुकानदारानं मान हलवली. गिऱ्हाईक सल्ला देऊ लागलं की दुकानदार अशीच मान हलवतात. कवडूच्या ते लक्षात आलं आणि तो थांबला.

तेव्हा मनोहरराव बोलले. समाजमंदिरातल्या त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच एवढं बोलत होते.

"कवडूभाऊ, असं कोणी ऐकत नाही गा. मी बी नसतं ऐकलं. तुम्ही माझं नाव घेऊन सांगत जा. म्हणा, कोराडीचे मनोहरराव. तीस वर्षं मीटर वाचले. टॅब घेतला, शेवटचा व्हिडिओ लावून पाह्यला आणि टाळ्या वाजवल्या."